जालना : हाली, कलदार आणि न दिसणारं नाणं

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात ठाऊक नाही असा माणूस विरळाच. म्हण हिंदीत का, असं विचाराल, तर जालनं हे पहिल्यापासूनच दहा ठिकाणच्या माणसांचं गाव. मारवाडी आले, गुजराती आले, तेलुगू आणि उर्दू बोलणारे आले, आजूबाजूच्या खेड्यांतले आपले मराठी तर होतेच. सगळ्यांनी मिळून इथली पेठ उभी केली. पाळणा खरोखर सोन्याचा होता की नाही कोण जाणे, पण पैसा इथे खेळत होता एवढं नक्की.

तरीसुद्धा जालना मुद्दाम पाहायला जा, असं कुणी कुणाला सांगत नाही. वेरूळ-अजिंठ्याला आपण हौसेनं जातो. नांदेड-परभणीकडून येताना जालन्याला गाडी थांबली, तर खिडकीतूनच मोसंब्यांची पिशवी घ्यायची, की पुढं! मी मात्र तुम्हाला आज तिथे उतरवणार आहे, आणि तेही एका घरगुती प्रश्नाचं उत्तर शोधायला.

प्रश्न तुमच्या घरीही निघाला असेल. जेवताना भाचा म्हणतो, “मावशी, एफडीत काय ठेवतेस पैसे? बिटकॉइन घे.” शेजारचे भाऊजी कुठल्याशा नव्या नाण्याचं नाव सांगतात. हे वर्तमानपत्राआडून ‘हं’ म्हणतात, आणि आपण कढीला फोडणी देता देता ऐकत राहतो. क्रिप्टो, आभासी चलन, कॉइन, नावं काहीही असोत. आपल्याला साधंच कळून घ्यायचं असतं. याचा घरात उपयोग काय? याने दूधवाल्याचं बिल भागेल का? मुलीची फी भरता येईल का? अडीअडचणीला हाताशी येईल का?

हा प्रश्न विचारायला जालन्याइतकं योग्य गाव दुसरं नाही. एक तर या गावानं दोन-दोन नाणी एकाच वेळी वापरून पाहिली आहेत. आणि दुसरं म्हणजे, एका तिसऱ्या नाण्यानं अलीकडेच या गावाला चांगला चटका दिला आहे.

स्टेशनवरून रिक्षा करा आणि सराफ्यात सोडायला सांगा. वाटेत कुंडलिका ओलांडावी लागेल. नदीच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवा. ‘नवा’ म्हटलं तरी तोही काही कालचा नाही. त्याचं जुनं नाव कादराबाद. नदीकडे फार निरखून पाहू नका, गावातल्या नद्यांची जी दशा सगळीकडे आहे तीच हिची. पेठेत शिरलात की मात्र बरं वाटेल. कापडाची दुकानं, भांड्यांची दुकानं, अत्तरवाले, आणि मग ओळीनं सराफ.

या सराफांचा एक धंदा आता पार विसरला गेला आहे. तो म्हणजे नाणं बदलून देण्याचा. हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि निजामाचं नाणं वेगळं होतं. त्याला म्हणत हाली सिक्का. ‘हाली’ म्हणजे सध्याचा, चालू. इंग्रजांचा रुपया तो कलदार. कळीवर, म्हणजे यंत्रावर पाडलेला. सात हाली रुपये द्यावेत तेव्हा साधारण सहा कलदार मिळत. शंभर कलदारांना एकशेसोळा-सतरा हाली पडत, आणि वर सराफाचा बट्टा वेगळा.

आता जालन्याची जागा डोळ्यांसमोर आणा. इथून देऊळगाव राजा अगदी हाताच्या अंतरावर, पण ते बुलढाणा जिल्ह्यात, वऱ्हाडात, इंग्रजी अंमलाखाली. म्हणजे माहेर देऊळगावचं आणि सासर जालन्याचं असेल, तर माहेरच्यांनी भाऊबीजेला हातावर ठेवलेला रुपया कलदार आणि सासरी बाजारात चालायचा तो हाली. त्यातून जालन्यात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, तिथल्या शिपायांबरोबर कलदारही गावात फिरे. बायका काही अर्थशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. पण कुठला रुपया कुठे चालतो, कुठला मोडला की किती तूट येते, हे त्यांना तोंडपाठ असे. नाणं दगडावर वाजवून घेण्याची रीतही तेव्हाचीच. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर परत.

संस्थान गेल्यावरही काही वर्षं हाली नाणं बाजारात होतं, मग ते बाद झालं. पण बाद होताना सरकारनं ते बदलून घेतलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. नाण्यामागे कुणीतरी होतं.

(याहून जुन्या नाण्यांची हौस असेल तर याच जिल्ह्यात भोकरदन आहे. सातवाहनांच्या काळी त्याला भोगवर्धन म्हणत. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांतही या गावाचं नाव आहे. उत्खननात तिथे हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली, आणि अगदी तशाच धाटणीची मूर्ती पार इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत सापडलेली आहे! आपल्या जिल्ह्यातली माणसं दोन हजार वर्षांपूर्वी कुठवर देवघेव करत होती, पाहा. परक्या नाण्याचं आपल्याला वावडं आहे असं कुणी म्हणू नये.)

आता या नव्या नाण्याची ओळख करून घेऊ. तुमच्या भिशीची वही आठवा. दहाजणींची भिशी, वही एकीकडे. तिनं खाडाखोड केली तर भांडण. समजा, तीच वही दहाहीजणींच्या घरी ठेवली आणि दर नोंद दहाही ठिकाणी एकदम झाली, तर? एकीनं खोटं लिहिलं तरी नऊ वह्या खरं सांगतील. बिटकॉइन म्हणजे मुळात अशी एक वही आहे, जगभरच्या हजारो संगणकांवर एकसारखी लिहिलेली. जानेवारी २००९ मध्ये ती सुरू झाली. सुरू करणाऱ्यानं सातोशी नाकामोतो असं नाव लावलं होतं. तो एक माणूस की अनेक, बाई की बुवा, आजवर कळलेलं नाही. साधारण दर दहा मिनिटांनी वहीला एक नवं पान जोडलं जातं. नाणी एकूण दोन कोटी दहा लाखच व्हायची, जास्त नाही, असा नियम त्यातच बांधलेला आहे. मध्ये बँक नाही, सरकार नाही, राजा नाही.

कल्पना हुशारीची आहे, यात शंका नाही. माझा तिच्यावर राग नाही. पण हुशार कल्पना आणि घरात उपयोगी पडणारी वस्तू यांत फरक असतो. तो फरक पाहायला आपण सराफ्यातून मोंढ्याकडे जाऊ.

मोंढा म्हणजे धान्याचा नि शेतमालाचा बाजार. मराठवाड्यात हाच शब्द. जालन्याची मोसंबी प्रसिद्ध, २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. सकाळी गेलात तर मोसंब्यांचे ढीग, वजनाचे काटे, बोली लावणाऱ्यांचा गलबला. बाहेर रस्त्यावर हातगाडीवाल्या बाईकडे दोन किलो घ्या आणि पैसे कसे देता ते पाहा. तिच्या गाडीला चौकटीचौकटींचं एक कार्ड टांगलेलं असेल. तुम्ही फोन पुढे धरता, शेजारची डबी मोठ्यानं रक्कम बोलते, झालं. ही यूपीआयची सोय २०१६ मध्ये आली आणि बघता बघता खेड्यापर्यंत पोचली. तुम्हाला आणि तिला त्यासाठी काही कापून द्यावं लागत नाही. बाई शिकलेली असो नसो, डबी बोलली की तिला कळतं.

आता तिथेच बिटकॉइन देऊ करा. एक तर ती घेणार नाही. घेतलंच असं धरू. नोंद वहीत पक्की व्हायला दहा मिनिटं, कधी जास्तही. नोंदीची फी गर्दीप्रमाणे कमी-जास्त. कधी मोसंब्यांपेक्षा फीच मोठी व्हायची. आणि सकाळी शंभराला घेतलेलं नाणं संध्याकाळी पंच्याण्णवचं झालं, तर तिनं घरी काय न्यायचं? नोव्हेंबर २०२१ मध्ये एक बिटकॉइन सुमारे ६९ हजार डॉलरला होतं. वर्षानं, नोव्हेंबर २०२२ मध्ये, सोळा हजारांच्या आसपास. म्हणजे रुपयाचे चार आणेसुद्धा उरले नाहीत. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये तेच एक लाख डॉलरच्या वर गेलं, हेही खरं. ज्यांनी कळ काढली त्यांना नफा झाला. पण किराण्याची यादी काही तीन वर्षं कळ काढत नाही. पाच तारखेला वाण्याचे, दहाला दुधाचे, पंधराला शिकवणीचे. जी वस्तू महिन्यात अर्धी किंवा दुप्पट होते तिच्यावर संसार चालत नाही, सट्टा चालतो.

मोंढ्याच्या आवारातच आणखी एक बाजार पाहण्यासारखा आहे. पांढऱ्याशुभ्र, बोटाच्या पेराएवढ्या रेशीम कोषांचा. हा बाजार जालन्यात २०१८ साली सुरू झाला. त्याआधी इथल्या शेतकऱ्याला कोष विकायला पार कर्नाटकात, बंगळुरूजवळच्या रामनगरला जावं लागे. जाण्यायेण्याचं भाडं, दोन-तीन दिवसांचा खोळंबा, परमुलुखातली भाषा, आणि वाटेत माल खराब होण्याची धास्ती. तुतीचा पाला तोडण्यापासून अळ्यांना घालण्यापर्यंत घरच्या बायकाच राबणाऱ्या. बाजार दारात आला तेव्हा त्या घरांना काय मिळालं, हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

तीच गोष्ट बियाण्यांची. जालना बियाण्यांसाठी देशभर ओळखलं जातं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको कंपनी काढली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांची सुरुवात कशापासून झाली, ठाऊक आहे? भेंडीपासून! ‘पुसा सावनी’ जातीच्या भेंडीच्या बियांपासून. नवं बियाणं हीसुद्धा त्या काळी एक अनोळखी वस्तूच होती. पण शेतकऱ्यानं एका वाफ्यात पेरून पाहिलं, दोन महिन्यांत भेंडी तव्यावर आली, पटलं. फसलं असतं तर तेही डोळ्यांनी दिसलं असतं. नव्या वस्तूला जालना कधी भ्यालेलं नाही. भंगार लोखंड वितळवून सळया करणारे इथले कारखाने पाहिलेत तर हे गाव किती धाडसी आहे ते कळेल.

म्हणूनच २०२३ साली जे घडलं त्याचं वाईट वाटतं.

त्या जानेवारीत जालन्याचं नाव राज्यभर वर्तमानपत्रांत गाजलं. ‘जीडीसी’ नावाच्या एका आभासी नाण्यात गावातल्या लोकांनी पैसे घातले होते आणि ते बुडाल्याच्या तक्रारी पोलिसांत आल्या. एकीकडे फसवणुकीची तक्रार. दुसरीकडे, पैसे वसूल करायला आपल्याला धमकावलं, डांबून ठेवलं, अशी नाणं खपवणाऱ्या बाजूची तक्रार. गावातली मोठमोठी नावं त्यात आली. मी ती इथे घेत नाही. दोष कुणाचा ते न्यायालयानं ठरवायचं आहे. मला बोलायचंय ते वेगळंच. हे नाणं घराघरांत शिरलं कसं?

अशी नाणी पेठेतून येत नाहीत, बरं का. ती नात्यातून येतात. हा या धंद्याचा सगळा कसब. कुणी अनोळखी माणूस दारात येऊन “दोन लाख द्या” म्हणाला तर आपण पाणीसुद्धा देणार नाही. पण नणंदेचे यजमान येतात, चहा घेतात, फोन उघडून दाखवतात: “वहिनी, हे बघा, मार्चात एक लाख टाकले होते, आज एक लाख ऐंशी.” आकडा खरा दिसतो, कारण तो हिरव्या रंगात असतो आणि रोज वाढतो. पण तो आकडा लिहितो कोण? ज्यानं नाणं विकलं तोच! बिटकॉइनची वही निदान हजारो ठिकाणी आहे म्हणून सांगितलं. या गल्लीतल्या नाण्यांची वही एकाच्याच कपाटात असते. भिशीची वही एकीकडे आणि ती एकटीच सांगणार की तुझे ऐंशी वाढले. सुरुवातीला मागितले तर दहा-वीस हजार परतही मिळतात, तेही दुसऱ्या कुणाचे. मग माणूस स्वतःहून दोन मेहुणे आणि एक शेजारी आणतो, कारण आणल्याचं कमिशन असतं. “वहिनींच्या नावानं पण एक आयडी टाका,” हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. आणि ज्या दिवशी सगळ्यांनाच पैसे काढायचे असतात त्या दिवशी फोनवर संदेश येतो: सध्या व्यवस्था सुधारण्याचं काम चालू आहे, नाणी नव्वद दिवस कुलूपबंद.

पुण्यालाही हे घडून गेलं होतं. ‘गेन बिटकॉइन’ प्रकरणात २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटका केल्या. दरमहा दहा टक्के परतावा म्हणून सांगितलेलं होतं. दरमहा दहा टक्के! आपला नेहमीचा वाणी उधारीवर एवढं व्याज मागेल तर आपण वाणी बदलू. पण कुणी देतो म्हटलं की आपल्याला शंका येत नाही, हे मोठं गमतीचं आहे.

लोक मूर्ख असतात म्हणून फसतात, असं शहरातली माणसं फटकन म्हणतात. मला ते मान्य नाही. मराठवाड्यात पैसा ठेवायचा कुठे, हा खरोखरीचा प्रश्न आहे. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून गेला, कित्येक घरांत जमिनीचे पैसे एकदम आले. पाऊस कधी येतो, कधी येत नाही. शेतीत परत घालायची हिंमत होत नाही. बँकेचं व्याज महागाईला पुरत नाही. जास्त व्याज देणाऱ्या पतसंस्थेत ठेवावं, तर २०२३ मध्ये बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटची दारं बंद झाली आणि ठेवीदार अजून त्या धक्क्यातून सावरलेले नाहीत. ज्याला चारी बाजूंनी असं ठेचकाळायला झालंय, त्याला “मध्ये बँक नाही, संस्था नाही, तुमचा पैसा तुमच्या फोनमध्ये” हे गोड वाटणारच.

पण ‘मध्ये कुणी नाही’ याचा दुसरा अर्थही ऐका. बँक बुडाली तर ठेव-विम्याचे पाच लाखांपर्यंत मिळतात. २०२० पासून ही मर्यादा आहे. (पतसंस्था आणि मल्टिस्टेट यांना हा विमा नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.) नाण्यांच्या बाबतीत विमा कसला नि काय! बिटकॉइन स्वतःजवळ ठेवायचं तर बारा किंवा चोवीस शब्दांची एक गुप्त माळ असते. ती हरवली की नाणी गेली. घरधन्यानं ती कुणाला न सांगता डोळे मिटले, तर मागे राहिलेल्या बाईनं कुणाचा दरवाजा ठोठावायचा? बँकेत वारस लावलेला असतो, मृत्यूचा दाखला नेला की साहेब खुर्ची देतो. इथे साहेबच नाही. आणि स्वतः न ठेवता मध्यस्थ कंपनीकडे ठेवायची म्हटली, तर १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या आपल्याच देशातल्या नाणेबाजारावर चोरांनी डल्ला मारला, सुमारे तेवीस कोटी डॉलरचा माल गेला, आणि ग्राहक वर्षाहून अधिक काळ ताटकळत राहिले. त्यांत लहानसहान बचत करणारेही होते.

‘आता सरकारनंच मान्यता दिलीय, कर लावलाय ना’ असंही सांगतात. कर लावणं म्हणजे आशीर्वाद देणं नव्हे. लॉटरीच्या बक्षिसावरही तीस टक्के कर आहे. म्हणून लॉटरी ही काही मुदतठेव होत नाही. झालं ते असं: एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. मग १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर आला, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून एक टक्का आधीच कापायचा नियम. विकत घेणं गुन्हा नाही, पण हे चलन म्हणून घ्यायला कुणीही बांधलेलं नाही. वाण्यानं रुपया नाकारता येत नाही. नाणं तो खुशाल नाकारू शकतो.

याचा घरखर्चावर काय परिणाम होतो, ते एका हिशेबानं पाहू. हजार रुपयांना घेतलेलं नाणं दीड हजाराचं झालं आणि तुम्ही त्यातून दिवाळीचा किराणा आणला. कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही नाणं विकलंत. पाचशेच्या नफ्यावर दीडशे कर, वर उपकर धरून एकशे छप्पन. दुसऱ्या एखाद्या नाण्यात पाचशे बुडाले असतील तर ते यातून वजा करायला मुभा नाही. हाली-कलदारचा बट्टासुद्धा असा नव्हता हो!

बरं, कुणालाच कुठे उपयोग होत नाही का? होतो, आणि तेही सांगायला हवं. ज्या देशात सरकारी नोटच कागद होऊन बसते, तिथली माणसं अशा नाण्यांकडे वळतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. व्हेनेझुएलात २०१८ च्या सुमारास महिन्याच्या पगारात धड आठवड्याची भाजी येईना. तिथे डॉलरला बांधलेलं आभासी नाणं हाताशी असणं हा खराच आधार होता. परदेशातून घरी पैसे पाठवतानाही काही ठिकाणी बँकांपेक्षा हे स्वस्त नि लवकर पडतं. तुमचा मुलगा परदेशात असेल तर तो हेच सांगेल. पण त्याला विचारा, नाणं आलं, पुढे काय? ते विकून रुपये करायचे, त्यात कापाकापी, कराचा हिशेब, आणि मध्यस्थ लबाड निघाला तर त्याच्या भानगडीत तुमचं बँकखातं गोठायची भीती. त्यापेक्षा थेट बँकेतून पाठव म्हणावं, थोडं जास्त कापलं तरी चालेल.

एका देशानं तर सगळ्या रयतेलाच हे नाणं देऊन पाहिलं. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरनं सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन अधिकृत चलन केलं. फोनमध्ये खातं उघडणाऱ्या प्रत्येकाला तीस डॉलरची नाणी फुकट. लोकांनी ते तीस डॉलर खर्चले आणि बहुतेकांनी पुन्हा त्या खात्याकडे पाहिलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये कायदाच बदलला. दुकानदारानं ते घ्यायलाच हवं ही सक्ती गेली. तिथल्या बाजारातल्या बायकांनी जे ठरवलं ते आपल्या मोसंबीवालीच्या मनातलंच.

जाता जाता एक घोटाळा दूर करू. रिझर्व्ह बँकेनं १ डिसेंबर २०२२ पासून ‘डिजिटल रुपया’ प्रायोगिक म्हणून सुरू केला आहे. तो रुपयाच आहे, फक्त कागदाऐवजी फोनमध्ये. तो वाढत नाही, घटत नाही, दुप्पट होत नाही. तो दाखवून कुणी आपलं नाणं गळ्यात मारू लागलं, तर सरळ दार दाखवा.

मग नाणं घ्यावं की नाही? तुमच्या यजमानांना हौसच असेल, आणि हातात असे पैसे असतील की उद्या कुंडलिकेत पडले तरी चूल अडणार नाही, तर घेऊ द्या. लोक घोड्यांवरही लावतात. पण घरखर्चाचे पैसे, मुलांच्या फीचे पैसे आणि अंगावरचं सोनं यांना हात लावू देऊ नका. तुमच्या पाटल्या हे स्त्रीधन आहे. सराफ्यात त्या कुठल्याही दुकानी ठेवा, काट्यावर वजन दिसतं, भाव पाटीवर लिहिलेला असतो, आणि तासाभरात हातात रोख येते. हाली गेला, कलदार गेला, पाटल्या तिथल्या तिथेच आहेत.

आणि पैसे आधीच गेले असतील तर? लाजून घरात बसू नका. फोनवरून पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. त्या ॲपची पानं, संदेश, पैसे कुठल्या खात्यात भरले त्याच्या पावत्या, सभा कुठल्या हॉटेलात झाली, कोण कोण आलं होतं, सगळं एका वहीत उतरवा, ॲप बंद पडायच्या आत. जिल्ह्याच्या पोलिसांत आर्थिक गुन्हे शाखा असते, तिथे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे, त्यात फसवणाऱ्याची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद आहे. ‘अडकलेले पैसे सोडवून देतो, आधी फी भरा’ म्हणणारा फोन हमखास येतो. तो पहिल्या चोराचा भाऊ समजा.

नात्यातल्या माणसाविरुद्ध तक्रार कशी करायची, हा खरा पेच. सासूबाई रडतात, नणंद बोलेनाशी होते. बहुतेक वेळा ते भाऊजीही फसलेलेच असतात, त्यांनाही बरोबर घेऊन जा. पण आयडी तुमच्या नावावर असेल तर अर्जावर सही तुमचीच लागते; जाताना आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक पिशवीत घालायला विसरू नका.